बाईंचं ‘पोचलं’

“आपले पत्र मिळाले. सुरुवातीला तीन रंग आहेत, मध्ये कंपनीचे बोधचिन्ह आहे, शेवटी गुलाबाचे फूल आहे. आपले म्हणणे यांपैकी कशात आहे ते कळल्यास उत्तर देता येईल.”

नारायण पेठेतल्या त्या ऑफिसात रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी मला आलेली ही ईमेल. पाठवणाऱ्या बाई माझ्यापासून चार खुर्च्या पलीकडे बसल्या होत्या. मी मान वर करून पाहिलं, तर त्या कॉम्प्युटरच्या पडद्याला स्टीलची फूटपट्टी लावून कुणाच्या तरी ओळीची लांबी मोजत होत्या. मला वाटलं, या ऑफिसात आपले सहा महिने काही पुरे होत नाहीत.

सहा महिने म्हणजे माझा प्रोबेशनचा काळ. आमचं ऑफिस आठ माणसांचं. कॉलेजांच्या आणि गावोगावच्या वाचनालयांत पुस्तकांच्या देवघेवीचा एक प्रोग्रॅम बसवून द्यायचा आणि पुढे तो चालता ठेवायचा, हे आमचं काम. हा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरातली माणसं मिळून तो लिहायची, सुधारायची आणि त्यांचं सगळं बोलणं ईमेलच्या एका लिस्टवर चालायचं. लिस्टच्या पत्त्यावर एक पत्र टाकलं, की ते सगळ्या सभासदांना जायचं. या जगाच्या लिस्टशिवाय पुण्यापुरती, मराठीतली, तीनेकशे ग्रंथपाल आणि आमच्यासारखी दुरुस्तीवाली मंडळी असलेली आणखी एक लिस्ट होती. ती बाईंची.

बाई ईमेलला पत्रच म्हणायच्या, आणि पत्र साध्या अक्षरांत असावं असा त्यांचा कायदा होता. रंग नाहीत, जाड-बारीक ठसे नाहीत, चित्रं नाहीत. “रंग तुमच्या घरचा. समोरच्याच्या घरी तो तसाच दिसेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” असं विचारायच्या. एकूण अकरा नियम होते. ते एका कागदावर छापून पाण्याच्या माठाशेजारी लावलेले होते, म्हणजे पाणी प्यायला गेलेला माणूस ते वाचल्याशिवाय परत येऊ नये. उत्तर नेहमी प्रश्नाच्या खाली लिहायचं. समोरच्याच्या पत्रातलं ज्याला उत्तर द्यायचं तेवढंच ठेवायचं, बाकी कापायचं. नव्या विषयाला नवं पत्र. जुनी, थंड झालेली पत्रं उकरून काढायची नाहीत. आणि ओळ बाहत्तर अक्षरांपलीकडे न्यायची नाही.

या बाहत्तरावरून ऑफिसात त्यांची भरपूर चेष्टा चालायची, अर्थात त्या चहा घ्यायला खाली गेल्या की. मराठीत तर काना-मात्रा मोजायच्या की नाहीत हाच वाद. तो बाईंनी पट्टीने मिटवला होता. त्यांच्या पडद्यावर ओळ साडेसात इंचांच्या पुढे गेली की ती लांब. त्यांचे वडील खडकीच्या कारखान्यात मापं तपासायचे. पट्टी त्यांचीच. बाई लहानाच्या मोठ्या तिथल्याच क्वार्टर्समध्ये झाल्या आणि पुढेही खडकीलाच राहिल्या. रोज लोकलने शिवाजीनगरला उतरून चालत यायच्या. लग्न केलं नव्हतं. “कुणी वेळेवर विचारलं नाही आणि उशिरा विचारलेल्याला मी उत्तर देत नाही,” एवढंच त्या विषयावर बोलल्याचं मला आठवतं.

त्यांची उत्तरं लोक जपून ठेवायचे. एका प्राध्यापकांच्या दोन ओळींच्या पत्राखाली पदव्यांची चौदा ओळींची सही होती. त्यांना बाईंनी लिहिलं, “सही पत्राहून उंच झाली आहे. दोघांपैकी एकाला बसवा.” पत्राखाली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ असं छापून पाठवणाऱ्या एका कचेरीला विचारलं, “गोपनीय आहे तर तीनशे जणांना का सांगितलेत?” रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवणाऱ्या एका ग्रंथपालांना कळवलं, “सकाळ झाल्याचे इकडेही लक्षात आले आहे.” एकदा बारकोडच्या छपाईवर बोलणं चाललं असताना कुणीतरी त्याच पत्राला उत्तर म्हणून भाच्याच्या मुंजीचं निमंत्रण धाडलं. बाईंचं उत्तर दोन मिनिटांत आलं: “बारकोडच्या मांडवात मुंज लावू नये. वेगळे पत्र लिहावे, येऊ.” आणि त्या खरोखर मुंजीला गेल्या. आहेराचं पाकीट साधं, पांढरं होतं, असं ऐकलं.

पण त्यांची आणखी एक सवय होती आणि तिची चेष्टा कुणी करत नसे. लिस्टवर नव्या माणसाचं पत्र आलं, की त्याच दिवशी बाईंचं एका शब्दाचं उत्तर जायचं: “पोचलं.” प्रश्नाचं उत्तर त्यांना येत असो वा नसो. पुढे दोन दिवसांनी कुणीतरी जाणकार नीट उत्तर द्यायचा, पण ‘पोचलं’ आधी गेलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, “बाई, यात माहिती काहीच नाही. नियम सहाप्रमाणे असं पत्र पाठवू नये.” त्या म्हणाल्या, “माहिती आहे. पत्र पोचल्याची.”

खरं सांगायचं तर मला बाईंचे नियम आवडायला लागले होते. याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. मी वर्ध्याकडचा. आमच्या बौद्ध वस्तीतून पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेला मी पहिलाच. पुण्यात नियम पुष्कळ, पण ते कुठे लिहिलेले नसतात. ‘या एकदा घरी’ हे कधी खरं असतं, चहा नको म्हटलं की पुन्हा विचारतात की नाही, ‘करून राहिलो’ म्हटल्यावर समोरचे दोघं एकमेकांकडे का बघतात, हे सगळं चुकत चुकत शिकायचं. खोली शोधताना एक नियम मात्र लवकर कळला. गाव विचारायचे, पगार विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की म्हणायचे, “कळवतो.” आणि कळवायचे नाहीत. मी तसे सात ‘कळवतो’ गोळा केले आणि शेवटी स्वारगेटच्या पुढे एका मित्राच्या खोलीत पथारी टाकली. माठाशेजारचा तो कागद मला म्हणून बरा वाटे. अकरा नियम, सगळ्यांना तेच, पाठ करा की झालं.

चौथ्या महिन्यात मला प्रोग्रॅममधली एक खोड सापडली. एकाच पुस्तकासाठी तिघांनी नंबर लावला आणि पहिल्याने तो रद्द केला, तर दुसऱ्याचं नाव रांगेतून गायब व्हायचं. तो बिचारा वाट बघत बसायचा आणि पुस्तक तिसऱ्याला जायचं. कुणाला पत्ता नाही. मी आठ दिवस खपून ती खोड काढली. आमचे मालक खूश झाले, पण म्हणाले, “आपल्यापुरती दुरुस्ती करून उपयोग नाही. नवी आवृत्ती आली की पुसली जाईल. जगाच्या लिस्टवर पाठवा. त्यांनी मूळ प्रोग्रॅममध्ये घेतली, तर तुमचं पक्कं करायला मला काही विचारच करायला नको. नाही घेतली तर बघू.”

बघू म्हणजे काय, हे मला पुण्यात आल्यापासून चांगलं कळत होतं.

ऑफिसची पद्धत अशी, की बाहेरच्या लिस्टवर जाणारं पत्र आधी बाईंना दाखवायचं. मी दाखवलं नाही. माझं इंग्रजी तेव्हा फार कच्चं होतं आणि ते बाईंनी पट्टी लावून वाचावं, ही कल्पनाच सहन होईना. एका रविवारी ऑफिसात एकटाच बसून पत्र लिहिलं. आमचे वडील एसटीत मेकॅनिक होते. त्यांची एक शिकवण होती, “साहेबाकडे जायचं तर इस्त्रीचा शर्ट घालून जाय बापा. कपडा पाहूनच पुढचा माणूस बोलतो.” बाईंच्या लिस्टवर घरचे कपडे चालतात, पण हे तर जगभरातले साहेब. तेव्हा मी पत्राला इस्त्री केली. निळं शीर्षक, ठळक मुद्दे, दुरुस्तीच्या ओळी एका सुंदर चौकटीत, खाली कंपनीचं भलं मोठं बोधचिन्ह. गुलाब तेवढा ठेवला नाही, इतकी अक्कल आली होती.

उत्तर आलं नाही. आठ दिवस थांबलो आणि पुन्हा पाठवलं, अक्षर जरा मोठं करून. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा ‘नम्र विनंती’ लाल रंगात केली. जगाच्या लिस्टवरून इतरांची पत्रं रोज येत होती. ब्राझीलचा माणूस विचारत होता, फिनलंडची बाई सांगत होती, सगळे एकमेकांशी बोलत होते. माझ्या पत्राबद्दल चकार शब्द नाही. तीन आठवडे झाले. मग माझ्या लक्षात आलं, की हे मला ओळखीचं आहे. पत्राखाली माझं पूर्ण नाव होतं. हा आठवा ‘कळवतो’.

असं वाटलं की माणूस पुढचं सगळं ठरवून टाकतो. मी वडिलांना फोन करून सांगितलं, की इथलं काही जमत नाही, महिनाअखेर परत येतो. वडील नुसते “ये” म्हणाले. ते “ये” मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी सहज बाईंना विचारलं, “त्या दुरुस्तीचं काय झालं हो, लिस्टवर?”

“कुठली दुरुस्ती?” बाई म्हणाल्या आणि चष्मा वर सरकवून माझ्याकडे वळल्या. “तुम्ही पत्र पाठवलंत?”

“तीनदा,” मी म्हणालो.

“तिथे तर एकही नाही.”

“त्यांना नको असेल,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “नाव वाचलं की कळतं लोकांना. इथे कळतं, तिथे कळणार नाही?”

बाईंनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. तोवर त्या कुणाच्या टेबलापाशी गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी लिस्टचं दफ्तर उघडलं. लिस्टवर आलेलं प्रत्येक पत्र तिथे महिनावार ठेवलेलं असतं आणि ते कुणालाही वाचता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या तीन आठवड्यांची सगळी पत्रं बाईंनी एकेक करून खाली सरकवली. माझं नाव कुठेच नव्हतं.

“तुमच्याशी बाहेर कोण कसं वागतं, ते मला दिसतं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण हे प्रकरण ते नाही. रंगीत पत्र आणि एवढं चित्र आलं, की तिथलं यंत्र ते बाहेरच टाकून देतं. परत पाठवल्याची चिठ्ठीसुद्धा देत नाही, हा त्यांचा गाढवपणा. तुमचं पत्र कुणी वाचलेलं नाही. नाकारायला आधी पोचावं लागतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. पट्टी मात्र काढली.

मग आम्ही पत्र लिहिलं. म्हणजे मी लिहिलं, त्या बसून राहिल्या. आधी खोड काय ते तीन ओळींत, मग ती कशी दिसते, मग दुरुस्ती. मी म्हटलं, “बाई, हे तुमच्या नावाने पाठवा ना. तुम्हाला ते लोक ओळखतात.”

“खोड कुणी शोधली?”

“मी.”

“मग?”

“इंग्रजी चुकलं असेल.”

“चुकलंय. दोन ठिकाणी. राहू द्या. ब्राझीलवाल्याचं वाचलंत का कधी? तो तर क्रियापदच घरी ठेवून येतो. त्याच्या दुरुस्त्या सगळ्यात जास्त घेतल्यात त्यांनी.”

शेवटी एक ओळ लांब झाली म्हणून त्यांनी पट्टीने पडद्यावर टकटक केलं. मी वैतागून विचारलं, की बाहत्तरच का, ऐंशी का नाही, पडदा तर केवढा मोठा आहे. त्या म्हणाल्या, “पुढचा माणूस तुमची ओळ उचलून तिच्यापुढे एक खूण लावणार आणि खाली उत्तर लिहिणार. त्याला उत्तर देणारा आणखी एक खूण लावणार. त्यांना जागा नको का? ओळ आपण भरून टाकली, तर नंतर बोलणाऱ्याने कुठे जायचं?” इतके महिने आम्ही ज्याची चेष्टा केली, त्याचं कारण हे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं. फिनलंडच्या बाईचं. माझी एकच ओळ तिने ठेवली होती, तिच्यापुढे ती खूण होती, आणि खाली लिहिलं होतं, की खोड खरी आहे, आमच्याही वाचनालयात लोक तक्रार करायचे, एवढी एक ओळ बदलून पुन्हा पाठवाल का. मी ते पत्र किती वेळा वाचलं याचा हिशोब नाही. माझे शब्द उचलून कुणीतरी त्यांच्या खाली उत्तर दिलं होतं, बस. ओळ बदलली, पाठवली, दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये गेली. मालकांनी पक्कं केलं. वडिलांना फोन केला, तर म्हणाले, “मी त तू येऊन राह्यला म्हणून खाट बाहेर काढली होती. आता आत ठेवतो.”

बाईंना पेढे दिले. त्यांनी एक घेतला, म्हणाल्या, “पोचला,” आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्यानंतर मला जुनं दफ्तर वाचायचा नाद लागला. कुठल्या खोडीचं मूळ कुठे आहे हे शोधायच्या निमित्ताने मागे मागे जात राहायचं. असाच एकदा जगाच्या लिस्टच्या अगदी पहिल्या वर्षात, रंगीत पत्रं टाकून देणारं यंत्र बसायच्या आधीच्या काळात गेलो आणि एक पत्र दिसलं. पार्श्वभूमीला फुलं, जांभळी अक्षरं, नागमोडी ठसा. दफ्तरात रंग उमटत नाहीत, नुसत्या त्यांच्या खुणा आणि कंस ओळीओळीत विखुरलेले राहतात. त्या रानात मजकूर शोधावा लागला. दोनच ओळी होत्या. खाली बाईंचं नाव होतं.

मी चार-चारदा पाहिलं. त्या पत्राला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत बाईंचं एकही पत्र नव्हतं. त्यानंतरचं पहिलं साध्या अक्षरांत होतं, पट्टी लावून बघावं असं सरळ. पुण्याची लिस्ट त्यांनी सुरू केली ती त्याच वर्षी. म्हणजे नव्या माणसाला त्याच दिवशी ‘पोचलं’ का जायचं, हे मला चार खुर्च्या पलीकडे बसून कळलं ते असं. जगाच्या लिस्टचं दफ्तर सांभाळणाऱ्यांत पुढे बाईही होत्या, म्हणजे किल्ल्या त्यांच्याही हातात होत्या. ते पत्र त्यांना केव्हाही पुसता आलं असतं. त्यांनी पुसलं नव्हतं. मी त्यांना यातलं काही बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. निघताना मी ती पट्टी मागितली. “स्टेशनरीच्या दुकानात मिळते,” म्हणाल्या आणि पर्समध्ये टाकून गेल्या. पुण्याची लिस्ट त्या खडकीहून चालवतात. आता ग्रंथपालांचे फोनवर ग्रुप झालेत, तिथे सूर्य दिवसातून चारदा उगवतो. लिस्टवर फार पत्रं येत नाहीत. पण एखादं आलं, की संध्याकाळच्या आत ‘पोचलं’ गेलेलं असतं.

हे लिहायला घेतलं आणि मला वाटलं, की या बाईंबद्दल जगाला सांगण्याआधी त्यांच्या एका पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. म्हणून मी जगाच्या लिस्टवर वीस-बावीस वर्षांपूर्वीचं ते पत्र उकरलं. खुणा आणि कंस काढून टाकले, त्यांच्या दोन ओळी ठेवल्या, पुढे ती खूण लावली आणि खाली लिहिलं. पत्रं इंग्रजीतली होती, इथे मराठीत देतो:

> पुण्यात हा प्रोग्रॅम वापरणारं आणखी कुणी आहे का?
> मी इथे एकटीच धडपडते आहे.

आहे, बाई. नारायण पेठेत आहे. तुमच्यामुळे आहे.

पाठवून मी दिवसभर मेल उघडून बघत होतो. संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं. माझ्या ओळीतलं ‘तुमच्यामुळे आहे’ तेवढं त्यांनी कापलं होतं. “जुने पत्र उकरले, नियम नऊ मोडलात,” असं आधी इंग्रजीत लिहिलं होतं. जगाच्या लिस्टवर इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत अक्षर लिहू नये, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी त्याखालचा शब्द मराठीत होता:

पोचलं.